टेपवरचे दोन इंच: सुरुवातीच्या रॉक अँड रोलचा आवाज आणि त्यामागची यंत्रं

स्पूलवाला | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

१९५४-५५ मध्ये एल्विस प्रेस्लीने मेम्फिसच्या सन स्टुडिओत जी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतल्या बहुतेक गाण्यांत ड्रम्स नाहीत. मला हे लक्षात यायला वीस वर्षं लागली. पाय आपसूक ठेका धरतो, त्यामुळे कोणीतरी ड्रम्स वाजवतंय असं आपण धरून चालतो. पण माणसं तीनच आहेत. एल्विस गातोय आणि साधी गिटार छेडतोय, स्कॉटी मूर इलेक्ट्रिक गिटारवर आणि बिल ब्लॅक उभ्या डबल बासवर. ठेका बासमधून येतो. बिल ब्लॅक तार ओढून सोडायचा, ती पट्टीवर आपटायची आणि 'टक्' व्हायचं. त्या टकच्या पाठोपाठ, सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शात, तोच टक् थोडा दबून परत यायचा. एका आघाताचे दोन झाले की ड्रम्सची उणीव भासत नाही.

हा दुसरा टक् कुठून आला, ते सांगायला हा धागा काढलाय.

सन स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स मूळचा रेडिओवरचा इंजिनीअर. जानेवारी १९५० मध्ये त्याने ७०६, युनियन ॲव्हेन्यूवर 'मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस' थाटली, तोच हा सन स्टुडिओ. लग्नं, भाषणं, जे काम येईल ते मुद्रित करून द्यायचा. सुरुवातीला त्याच्याकडे प्रेस्टो कंपनीचा पाच इनपुटांचा मिक्सर आणि तबकडी कोरायचं यंत्र होतं. १९५३ च्या उन्हाळ्यात एल्विस चार डॉलरच्या आसपास पैसे भरून स्वतःच्या आवाजाची तबकडी करून घ्यायला आला, ती तिथेच.

पुढे फिलिप्सने दोन ॲम्पेक्स ३५० टेप मशीन घेतली. दोन कशाला, तर त्यातच सगळी गोम आहे. गाणं पहिल्या मशीनवर मुद्रित व्हायचं. तोच आवाज एकाच वेळी दुसऱ्या मशीनलाही दिलेला असायचा. अशा मशीनमध्ये टेप आधी आवाज टेपवर उतरवणाऱ्या रेकॉर्ड हेडवरून जाते आणि मग थोडं अंतर चालून तो परत ऐकवणाऱ्या प्लेबॅक हेडवर पोचते. म्हणजे दुसऱ्या मशीनच्या प्लेबॅक हेडमधून निघणारा आवाज टेपच्या त्या प्रवासाइतका उशिरा येणार. फिलिप्स तो उशिरा आलेला आवाज परत मिक्सरमध्ये घ्यायचा आणि हवा तेवढाच मूळ आवाजात मिसळायचा. याला स्लॅपबॅक म्हणतात.

आता हिशेब करू. टेपचा वेग सेकंदाला १५ इंच आणि दोन हेडमधलं अंतर दोन इंच धरलं, तर २ भागिले १५, म्हणजे ०.१३ सेकंद. बस्स. ज्या आवाजाने एका पिढीला वेड लावलं त्याचं माप टेपवर जेमतेम दोन इंच आहे.

आणि हे सगळं त्याच क्षणी, एकाच मोनो ट्रॅकवर. प्रतिध्वनी नंतर कमी करू, बास वाढवू, असं काही नाही. फिलिप्सचा हात नॉबवर, तिघं काचेपलीकडे, आणि टेपवर जे उतरलं ते कायमचं.

वडिलांचा तीन हेडचा जपानी स्पूल टेपरेकॉर्डर गेल्या महिन्यात माळ्यावरून काढला. मध्यंतरी एका दुरुस्तीवाल्याकडे तो वर्षभर पडून होता आणि परत आला तेव्हा पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून धरणारं रबरी चाक, गायब होतं. जुन्या बाजारात दोन बुधवार घालवल्यावर मापाचा रोलर मिळाला. मशीन चालू झाल्यावर पहिलं काम हेच केलं: मायक्रोफोन लावला, प्लेबॅक हेडचा आवाज स्पीकरवर घेतला आणि टेबलावर टिचकी मारली. टक्... टक्. अंगावर काटा आला. व्हर्नियरने हेडमधलं अंतर मोजलं तर ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. माझ्या मशीनचा जास्तीत जास्त वेग साडेसात इंच. उशीर आला ०.१७ सेकंद. सनपेक्षा किंचित रेंगाळतो, पण घराणं तेच.

तुमच्याकडे या काळातल्या मुद्रणाबद्दल, तबकड्यांबद्दल, प्लेअरबद्दल जे असेल ते लिहा.

---

नवशिकी | ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक बाळबोध प्रश्न. प्रतिध्वनीच हवा होता तर मोठ्या हॉलमध्ये का नाही गायले?

---

व्हॉल्व्हप्रेमी | ४ ऑगस्ट, सकाळी ७:५०

@नवशिकी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. काही जणांनी तेच केलं. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कच्या पिथियन टेंपलमध्ये मुद्रित झालं. ती उंच छताची नाचघरासारखी जागा, डेक्का कंपनी तिचा स्टुडिओ म्हणून वापर करायची. त्या गाण्यातले ड्रम्स कसे घुमतात ऐका. घाई इतकी होती की हातात दोनच टेक. पहिल्यात वाद्यांनी हेलीचा आवाज झाकून टाकला, म्हणून दुसरा त्याच्या आवाजाकडे लक्ष ठेवून घेतला आणि मग दोन्हींचं मिश्रण केलं.

हॉलचा घुमारा आणि टेपचा स्लॅपबॅक या दोन वेगळ्या चीजा आहेत. हॉलमध्ये आवाज शंभर भिंतींवरून परत येतो, त्याची शेपटी लांबते. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हटल्यावर होतं तसं. टेपचा प्रतिध्वनी एकच, नेमका, त्याला कडा असते. जलद गाण्यात हॉलचा घुमारा शब्द खाऊन टाकतो, स्लॅपबॅक तालाला धक्का देतो.

यावरून एक किस्सा. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीने ३५,००० डॉलर मोजून एल्विसचा करार फिलिप्सकडून विकत घेतला. १० जानेवारी १९५६ ला नॅशव्हिलमध्ये 'हार्टब्रेक हॉटेल' करायला बसले तेव्हा सनसारखा आवाज काही केल्या जमेना. शेवटी इमारतीतल्या लांब बोळाचाच प्रतिध्वनी-कक्ष केला. ते गाणं लावून पाहा, आवाज जणू रिकाम्या लॉजच्या बोळातून येतो. गाण्याचा विषयही तसाच असल्याने ते शोभून गेलं, पण सन ते नव्हे.

---

मल्हार७८ | ४ ऑगस्ट, सकाळी ९:०५

लेख आवडला, पण सगळं श्रेय सनला देऊ नका ही विनंती. टेपच्या करामती आधी गिटारवादक लेस पॉलने केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन हा अमेरिकन सैनिक जर्मनीतून दोन मॅग्नेटोफोन, म्हणजे तिथली टेप मशीन, घेऊन आला. त्यावरून १९४८ मध्ये ॲम्पेक्सचं मॉडेल २०० बाजारात आलं आणि त्यासाठी गायक बिंग क्रॉस्बीने ५०,००० डॉलर दिले. क्रॉस्बीनेच एक ॲम्पेक्स मशीन लेस पॉलला भेट दिलं. पॉलने त्यात एक जादा हेड बसवून घेतलं आणि आधीच्या मुद्रणावर नवा आवाज चढवायला लागला. १९५१ चं 'हाउ हाय द मून' म्हणजे एक गिटारवाला आणि एक गायिका, पण ऐकायला अख्खा ताफा. यात एक थर चुकला की आधीचे सगळे थर वाया, कारण जुनं पुसूनच नवं चढायचं.

१९५७ मध्ये ॲम्पेक्सने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचं मशीन बांधून दिलं. त्याच धर्तीचं पुढचं मशीन ॲटलांटिक कंपनीने घेतलं, तिथला इंजिनीअर टॉम डाउड. रॉकवाले बहुतेक अजून एका ट्रॅकवर होते तेव्हाची ही गोष्ट.

---

स्पूलवाला | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

@मल्हार७८, पूर्ण मान्य. प्रतिध्वनी फिलिप्सने शोधला असं मला म्हणायचं नव्हतं. पण लेस पॉल एकटा बसून थरावर थर रचत होता. फिलिप्सने तीच युक्ती खोलीत घाम गाळणाऱ्या तीन पोरांवर, ते वाजवत असतानाच वापरली. माझ्या कानाला हा फरक फार मोठा वाटतो.

त्याची अजून एक गोष्ट. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांत गायक पुढे आणि वाद्यं पडद्याआड. फिलिप्सने एल्विसचा आवाज वाद्यांच्या रांगेत ओढला. म्हणून तो गातोय असं वाटण्याऐवजी तिघं मिळून काहीतरी करताहेत असं वाटतं.

जॉनी कॅशकडेही सुरुवातीला ड्रमर नव्हता. 'आय वॉक द लाइन' (१९५६) मध्ये त्याने गिटारच्या तारांखाली कागद सारला, त्याची खरखर स्नेअर ड्रमसारखी ऐकू येते. आणि १९५१ च्या मार्चमध्ये आइक टर्नरचा बँड मिसिसिपीहून याच खोलीत आला, तेव्हा वाटेत गिटारच्या ॲम्पला मार बसून त्यातल्या स्पीकरचा पडदा फाटला होता. फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि तसंच मुद्रण केलं. 'रॉकेट ८८' मधली ती फाटकी, घरघरणारी गिटार म्हणजे तो ॲम्प. दुसऱ्या कोणी बँडला परत पाठवलं असतं.

---

दूरदेशी | ४ ऑगस्ट, रात्री ११:५५

मी टेनेसीतच राहतो, नॅशव्हिलला. आईबाबा आले होते तेव्हा मेम्फिसला घेऊन गेलो. सन स्टुडिओ बाहेरून एखाद्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखा दिसतो. आतली खोली १८ फूट रुंद आणि तीसेक फूट लांब. आपल्याकडच्या शाळेचा वर्ग साधारण एवढाच असतो. छताला चौकोनी पांढऱ्या ध्वनिशोषक फरशा, आणि छत सपाट नाही, घड्या घातल्यासारखं वर-खाली. आवाज दोन समांतर पृष्ठभागांमध्ये अडकून राहू नये म्हणून. टाळी वाजवली की ती कोरडी येते. सगळी गाणी ऐकून मी मनात मोठी, घुमणारी जागा धरली होती, आणि प्रत्यक्षात तिथे घुमणं नावालाही नाही. घुमारा सगळा यंत्रातला, हे तुमचा लेख वाचून आत्ता नीट कळलं.

तिथे एक जुना शूअर ५५ मायक्रोफोन ठेवलाय. तोच तो, मोटारीच्या पुढच्या जाळीसारखा दिसणारा. त्याला हात लावू देतात. बाबा आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकत आले, एल्विस त्यांना फक्त नावाने माहीत. त्यांनी मायक्रोफोन हातात घेतला, दोन क्षण थांबले आणि हळूच 'नाथ हा माझा'ची पहिली ओळ म्हटली. गाइड मुलीने टाळ्या वाजवल्या.

---

चकती | ५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मुद्रणाबद्दल खूप झालं, आता ऐकण्याबद्दल बोलते. ही गाणी लोकांनी कशावर ऐकली? ज्यूकबॉक्स, मोटारीतला रेडिओ, पोरांच्या खोलीतला सुटकेससारखा प्लेअर. तिन्ही मोनो.

आरसीएने १९४९ मध्ये मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली. मधलं भोक दीड इंचाचं, कारण जाड खांबावर तबकड्यांची चळत लावून एकामागून एक आपोआप पडाव्यात अशी त्यांच्या चेंजरची रचना. १९५० मध्ये सीबर्गचा ४५ च्या शंभर बाजूंचा ज्यूकबॉक्स आला. तबकडी हलकी, न फुटणारी, पोराटोरांच्या खिशाला परवडणारी. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी हातातून पडली की संपली. ४५ शाळेच्या दप्तरातून न्या. रॉक अँड रोल आणि ४५ एकत्र वाढले ते असे.

ऑक्टोबर १९५४ मध्ये रीजन्सी टीआर-१ हा ट्रान्झिस्टर रेडिओ जाहीर झाला, किंमत ४९.९५ डॉलर. दिवाणखान्यातल्या मोठ्या रेडिओवर आईवडिलांचा ताबा असायचा, हा उशाखाली मावायचा.

माझी कळकळीची विनंती: ही गाणी नकली स्टिरिओत ऐकू नका. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आरसीएने एल्विसची मोनो मुद्रणं 'स्टिरिओ' करून परत काढली, खर्ज एका बाजूला, तार दुसऱ्या बाजूला, वर प्रतिध्वनीची फोडणी. वरच्या लेखातला तो टक् त्यात विरघळून जातो. खोलीतली तीन माणसं एकमेकांपासून तोडली जातात.

---

व्हॉल्व्हप्रेमी | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

+१. आणि ज्यांच्याकडे स्टिरिओ प्लेअर आहे त्यांनी मोनो तबकडी लावताना ॲम्पवरचं मोनो बटण दाबावं. मोनो तबकडीत गाण्याची सगळी हालचाल आडवी असते. सुईची उभी हालचाल म्हणजे निव्वळ धूळ आणि झीज. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीचे संकेत एकमेकांना छेदून नाहीसे होतात आणि खरखर निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते. पैसे शून्य.

७८ साठी मात्र सुई बदलायलाच हवी. तिची खाच रुंद, तीन हजारांश इंची सुईची. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळत राहते आणि तळाचा कचराच ऐकवते.

---

गोंदियाकर | ६ ऑगस्ट, सकाळी १०:२५

धाग्यात उशिरा आलो. ७८ च्या तबकड्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्या शेलॅकच्या, आणि शेलॅक म्हणजे लाख. आमच्याकडे पळसाच्या फांद्यांवर लाखेच्या किड्यांचा थर धरतो. लहानपणी आजोबांबरोबर तो खरवडून काढलाय, बोटांना लाल रंग लागायचा, चार दिवस जायचा नाही. जगाला लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची. महायुद्धात पुरवठा आटला आणि १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या शेलॅकवर मोठी कपात लावली. जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्या काढायची पाळी आली. लाखेला दुसरं काही शोधायची निकड त्यांना त्या वेळी चांगलीच जाणवली. रॉक अँड रोलच्या गोष्टीत पळसाचं झाड येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

---

चकती | ६ ऑगस्ट, सकाळी १०:५०

@गोंदियाकर, काय सुरेख माहिती दिलीत! यात एक भर. अमेरिकेत ७८ पन्नाशीच्या अखेरीला संपली, पण आपल्याकडे चावीचे फोनो गावोगाव होते, वीज सगळीकडे नव्हती. म्हणून कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात साठच्या दशकातही ७८ निघत राहिल्या, अगदी बीटल्सच्यासुद्धा. जगभरचे संग्राहक त्या शोधत फिरतात.

---

वसईची_लेक | ६ ऑगस्ट, रात्री ९:४०

माझे पप्पा मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, त्यांचे मित्र बरेचसे गोव्याचे. सी. रामचंद्रांनी १९५७ मध्ये 'ईना मीना डीका' केलं तेव्हा रॉक अँड रोल मुंबईत पोचलेलं होतं. त्यातले 'माका नाका' हे कोकणी बोल त्या गोवेकर वादकांच्या संगतीतूनच आले. पप्पा सांगायचे, आमच्याकडेही एकाच मायक्रोफोनभोवती माणसं उभी. ट्रम्पेटवाला मागे, व्हायोलिन पुढे, आणि सोलो आला की वादकाने दोन पावलं पुढे यायचं, वाजवून झालं की मागे सरायचं. आवाज कमी-जास्त करायचं बटण म्हणजे वादकाचे पाय.

@स्पूलवाला काका, आमच्या घरी एक डबल बास आहे. पप्पांच्या मित्राचा, ते गेल्यावर इकडेच राहिला. तारा जुन्या आहेत, पण वाजतो. तुमच्या मशीनसमोर आणायचा का?

---

मल्हार७८ | ६ ऑगस्ट, रात्री १०:०५

पाय म्हणजे बटण, हे न्यू ऑर्लिन्समध्येही तंतोतंत तसंच. कोझिमो मटासाचा जे अँड एम स्टुडिओ म्हणजे तबकड्या विकायच्या दुकानामागची एक छोटी खोली. फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' डिसेंबर १९४९ मध्ये तिथलं, लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' सप्टेंबर १९५५ मध्ये तिथलंच. मोजके मायक्रोफोन, आणि तोल साधायचा तो माणसांना पुढे-मागे उभं करून. सनसारखी टेपची जादू नाही, पण चार माणसं तुमच्या छातीवर येऊन वाजवताहेत असं वाटतं. मला स्वतःला हा आवाज सनपेक्षा जास्त आवडतो.

---

दूरदेशी | ७ ऑगस्ट, सकाळी ६:३०

प्रतिध्वनीचे अजून दोन मासले. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावातला स्टुडिओवाला नॉर्मन पेटी तासावर पैसे लावायचा नाही, गाण्यावर लावायचा. त्यामुळे गायक बडी हॉलीला घाई नसायची. हॉलीच्या 'पेगी सू'मध्ये नॉर्मन पेटी ड्रम्सचा प्रतिध्वनी तालात चालू-बंद करत राहिला. ते ड्रम्स जवळ येतात, लांब जातात, ते त्यामुळे.

फीनिक्समध्ये ड्वेन एडीच्या गिटारसाठी २,००० गॅलनची पाण्याची रिकामी टाकीच आणली. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. टाकी बाहेर उघड्यावर, त्यामुळे मुद्रणाआधी तिच्यावर बसलेले पक्षी हुसकावावे लागायचे.

---

व्हॉल्व्हप्रेमी | ७ ऑगस्ट, सकाळी ८:१५

@स्पूलवाला, तुमचे ०.१७ चे ०.१३ करता येतील. टेपचा वेग कॅप्स्टनच्या, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, जाडीवर ठरतो. कॅप्स्टनवर नेमक्या मापाची पितळी बुशी (नळी) चढवून व्यास २६ टक्क्यांनी वाढवा, वेग साडेसातवरून साडेनऊच्या जवळ जाईल. मुद्रण आणि प्लेबॅक एकाच वेगाने होत असल्याने सूर बदलणार नाही. लेथवाल्याला सांगा की बुशी तसूभरही वाकडी चालणार नाही, नाहीतर आवाज डुलेल.

---

स्पूलवाला | ७ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आजच लेथवाल्याकडे जातो. आणि @वसईची_लेक, विचारायचं काय त्यात, जरूर आणा. रविवारी या, जेवायलाच या. बाकी पुण्यातले कोणी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

स्पूलवाला | १७ ऑगस्ट, रात्री ११:३०

धागा वर काढतो, कारण काल रात्री जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली बुशी वाकडी निघाली, आवाज समुद्रावरच्या होडीसारखा डुलत होता. दुसरी नीट बसली. मोजून पाहिलं: ०.१३४ सेकंद. वसईहून बास टेम्पोतून आला, चादरीत गुंडाळलेला. मायक्रोफोन तारा जिथे पट्टीवर आपटतात तिथे, वीतभर अंतरावर ठेवला. प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या निम्म्याहून थोडा कमी. वसईच्या ताईंच्या मुलाने बास धरला. तो एरवी बास गिटार वाजवतो, उभा बास त्याच्या हातात पहिल्यांदाच. दहा मिनिटांत त्याच्या बोटाला फोड आला, पण थांबेना.

आधी त्याने सावकाश वाजवलं, तेव्हा दुसरा टक् नुसता मागून ऐकू येत होता. मग तो वेग वाढवत गेला आणि एका ठिकाणी परत येणारा टक् पुढच्या दोन आघातांच्या बरोबर मध्ये पडायला लागला. खोलीत बसलेल्या सहाही जणांनी एकाच वेळी माना वर केल्या. मुलगा ओरडला, "आई, ड्रम्स वाजताहेत!"

टेप जपून ठेवली आहे. बास पुढच्या महिन्यापर्यंत माझ्याकडेच राहणार, नव्या तारा मागवल्यात.